सातवाहन शेवटी गेले कुठे?

घाटवाट

मंडळी, गेल्या रविवारी लेकीला (इयत्ता सातवी) घेऊन नाणेघाट चढलो. वैशाखऱ्याहून, जुन्या पायवाटेनं. वर गुहेत पोचल्यावर नेहमीप्रमाणे माझं व्याख्यान सुरू झालं. या मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याचे पुतळे कोरले होते. हा सिमुक, ही नागनिका, हा तिचा नवरा सातकर्णी. प्रत्यक्षात तिथे आता काही पावलांच्या खुणा आहेत आणि वर नावं आहेत. पुतळे गेले, नावं राहिली.

कन्येनं भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "यांना हरवलं कोणी?"

मी म्हणालो, शकांनी. मग लगेच जीभ चावली, कारण शकांना तर याच घराण्यातल्या गौतमीपुत्र राजानं धुतलं होतं. मग म्हणालो वाकाटकांनी. तेही चुकीचं, ते नंतरचे. शेवटी "खाली उतरल्यावर सांगतो" म्हणून वेळ मारून नेली.

पेशवाई बुडाल्याचं साल आपल्याला पाठ आहे. विजयनगर म्हटलं की तालिकोट, १५६५. देवगिरी म्हटलं की खिलजी. मग कमीत कमी अडीचशे, आणि पुराणांचं ऐकलं तर साडेचारशे वर्षं टिकलेल्या या घराण्याचं पानिपत कुठलं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. मुलीला उत्तर द्यायचंय.

टवाळ

पहिला नंबर माझा!

सातवाहन कुठेही गेलेले नाहीत. नाणेघाटाच्या टोलनाक्यावर सुट्ट्या पैशांसाठी अडकलेत.

जुन्नरी

टवाळ, हा विनोद नाणेघाटाच्या प्रत्येक धाग्यावर होतो, आणि तो दगडी रांजण बिचारा दर वेळी जकातीचा होतो. रांजणावर कुठेही "इथे जकात टाका" असं कोरलेलं नाही. घाटातून व्यापार चालायचा हे खरं, जकात घेत असणार हेही उघड, पण रांजण लोकांनी नंतर चिकटवला असावा. आमच्या आजोबांच्या मते त्यात पाणी असायचं. घाट चढून आलेल्या माणसाला आणि बैलाला आधी काय लागतं?

धाग्याच्या विषयाबद्दल: गुहेतला खरा ऐवज म्हणजे डाव्या-उजव्या भिंतींवरचा नागनिकेचा लेख. अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञांची यादी, आणि प्रत्येक यज्ञात काय दिलं त्याचा हिशोब. १०,००१ गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं (तेव्हाची नाणी). भारतातले सर्वात जुने म्हणता येतील असे आकडे यात आहेत. आणि हे सगळं नवऱ्याच्या मागे एक विधवा राणी लिहवून घेते. स्वतःबद्दल "मासोपवासिनी", "गहतापसा" असे शब्द. घरात राहून तापसी. घराण्याचा उदय बघायचा तर इथे बघा. अस्ताचं बाकीचे सांगतीलच.

कोरी पाटी

मूलभूत प्रश्न, हसू नका. पाडव्याला भटजी "शालिवाहन शके १९४७" म्हणाले. हा शालिवाहन म्हणजेच सातवाहन ना? कुंभाराघरी वाढलेला, ज्यानं मातीचे सैनिक जिवंत केले तो?

बाराखडी

कोरी पाटी, हसण्यासारखं काही नाही, पण उत्तर ऐकून तुम्हीच हसाल.

शक संवत सुरू होतो इसवी सन ७८ ला. सातवाहनांनी तो कधी वापरलाच नाही! त्यांच्या लेखांत काळ असा येतो: अमुक राजाचं इतकावं वर्ष, मग ऋतू, पक्ष, दिवस. नाशिकला गौतमीपुत्राची आई बलश्री हिच्या लेखात "सवछरे एकुनवीसे, गिम्हाण पखे बितीये, दिवसे तेरसे" असं आहे. एकुनवीसे म्हणजे एकोणीस. वाचताना अंगावर काटा येतो की नाही?

शक संवत वर्षानुवर्षं चालवला तो पश्चिमी क्षत्रपांनी, म्हणजे शक राजांनी, सातवाहनांच्या हाडवैऱ्यांनी. त्यांच्यातल्या रुद्रदामनाचा जुनागढचा लेख वर्ष ७२ चा आहे, म्हणजे इसवी सन १५०. या संवताला शालिवाहनाचं नाव जोडलं गेलं ते कित्येक शतकांनी. म्हणजे आपण दर पाडव्याला वैऱ्याच्या कालगणनेवर आपल्या राजाची पाटी लावून गुढी उभारतो. मातीच्या सैनिकांची गोष्ट गोड आहे, मीही मुलांना सांगते. पण ती गोष्ट आहे.

टवाळ

म्हणजे हरलेल्याचं कॅलेंडर, जिंकलेल्याचं नाव. आमच्या सोसायटीतही वर्गणी एकाची आणि फलकावर नाव दुसऱ्याचं असतं.

व्याजदर

बँकेतून निवृत्त झालो असल्यानं मला यात फक्त पैसा दिसतो, त्याबद्दल क्षमस्व.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर चांदीची नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा छाप पुन्हा मारलेला. नहपानाचा चेहरा खाली पुसट दिसतो आणि त्याच्यावर चैत्याचा डोंगर नि उज्जैन चिन्ह. याला म्हणतात सत्तांतर. नाणं वितळवायला खर्च, वेळ आणि घट लागते. त्यापेक्षा वरून ठोका.

आता गंमत बघा. त्याच नहपानाचा जावई उषवदात. यानं नाशिकच्या लेण्यात मुदत ठेवीची पावतीच कोरून ठेवलीय. ३००० कार्षापणं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (कारागिरांच्या संघांकडे) ठेवली: २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण दरानं. पहिल्या रकमेचं व्याज वर्षाला किती? २४०. ते लेण्यातल्या वीस भिक्षूंच्या वस्त्रांसाठी, प्रत्येकी १२. वीस गुणिले बारा, २४०. हिशोब पै-पैला जुळतो. आणि अट स्पष्ट: मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज खायचं. शब्द आहे "अखयनिवि", अक्षय ठेव. दोन ठेवींना दोन दर का, यावर मी निवृत्तीनंतरची दोन वर्षं विचार करतोय.

कोरी पाटी

वर्षाला १२ टक्के? ती श्रेणी अजून ठेवी घेते का?

सह्याद्रीपुत्र

ठेवी-बिवी ठीक आहे, पण मूळ मुद्दा बाजूला पडतोय. सातवाहन हे महाराष्ट्राचे पहिले राजे. राजधानी पैठण, घाट नाणेघाट, लेणी नाशिक-कार्ले-जुन्नर, भाषा महाराष्ट्री. काही लोक त्यांना "आंध्र" म्हणतात ते ऐकून डोकं फिरतं.

तेलंगी मराठी

आलो, आलो. हैदराबादेत चौथी पिढी, घरी मराठी, बाहेर तेलुगू, त्यामुळे दोन्हीकडचा मार खायची सवय आहे.

सह्याद्रीपुत्र, "आंध्र" हे मी म्हणत नाही, पुराणं म्हणतात. खुद्द सातवाहनांच्या लेखांत स्वतःला आंध्र कुठेही म्हटलेलं नाही, तिथे फक्त "सातवाहनकुल" आहे. हा तुमच्या बाजूचा मुद्दा. आता आमच्या बाजूचा: करीमनगरकडे गोदावरीकाठी कोटीलिंगाल म्हणून जागा आहे, तिथे छिमुक नावाच्या राजाची नाणी मिळाली. तो तुमचा नाणेघाटाचा सिमुकच, असं बरेच मानतात. पैठणही गोदावरीवर, कोटीलिंगालही गोदावरीवर. नदी एकच आहे, भांडताय कशाला?

आणि कर्नाटकवाल्यांना विसरू नका. कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीजवळ कनगनहळ्ळीला स्तूप निघाला. त्यावर सातवाहन राजांच्या प्रतिमा नावांसकट आहेत, आणि शेजारी "राया असोको" अशी अक्षरं असलेला अशोकही. तुमच्या नाणेघाटात पावलं उरली, आमच्या शेजाऱ्यांकडे अख्खी माणसं आहेत.

सह्याद्रीपुत्र

नाणी फिरतात हो. उद्या माझ्या खिशातलं नाणं दुबईत सापडलं तर मी अरब का?

टवाळ

तुमच्या खिशातलं नाणं सापडलं तर तो खरा पुरातत्त्वीय चमत्कार. गेल्या कट्ट्याचे मिसळीचे पैसे अजून यायचेत.

महारथी९६

नाणेघाटात "महारठि त्रनकयिरो" असं नाव आहे. महारठी म्हणजेच मराठा. म्हणजे नागनिकेचं माहेर हे अमुक कुळातलं होतं हे सिद्ध हो

संपादक

महारथी९६ यांच्या प्रतिसादाचा उरलेला भाग आणि त्यावरचे अकरा उपप्रतिसाद काढले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची जात ठरवायला हा धागा नाही. "महारठी" हे त्या काळी एक अधिकारपद किंवा मानाची पदवी होती, आणि त्याच काळी महाभोजही होते, इतकं लक्षात घेऊन पुढे चला.

कोरडवाहू

बरेच दिवस वाचनमात्र होतो, व्याजदर यांच्या पावतीवरून एक आठवलं म्हणून लिहितो. मी शेतकरी माणूस, येवल्याकडचा. नाशिकला पांडवलेण्यात पाहुणे दाखवायला बरेचदा जाणं होतं. तिथे तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्राचे दोन हुकूम आहेत. एकदा एका अभ्यासक बाईंनी उभं राहून वाचून दाखवले, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत.

पहिला हुकूम त्याच्या १८ व्या वर्षाचा. नहपानाला हरवल्यानंतर लगेचचा, विजयी सैन्याच्या तळावरून काढलेला. उषवदाताकडे असलेलं शेत, २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप), ते भिक्षूंना दिलं. झालं. मग सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, दुसरा हुकूम. त्यात राजा आणि त्याची आई दोघं मिळून म्हणतात की आम्ही पूर्वी कखडी गावात शेत दिलं होतं, पण "तं च खेतं न कसते, सो च गामो न वसति".

ते शेत कसलं जात नाही आणि ते गाव वसत नाही.

म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरचं आमचं सरकारी शेत देतो, १०० निवर्तनं.

"कसणे" हा शब्द मी रोज वापरतो. माझा बापही वापरायचा. बाईंनी वाचलं तेव्हा मला भाषांतर लागलं नाही. घाटवाट, तुम्ही विचारताय घराणं कसं बुडालं. मी म्हणतो, ऐन विजयातच गाव ओस पडलेलं दिसतंय. लढाया जिंकल्या कोणीही, कसणारा पळाला की सारा कुठून येणार? बाकी तुम्ही शिकलेले लोक, ठरवा.

जुन्नरी

कोरडवाहू, वाचनमात्र राहू नका राव. असे प्रतिसाद वर्षात दोन येतात.

बाराखडी

+१. माझा मुद्दा कोरडवाहू यांनी अर्धा सांगून टाकला, आता उरलेला.

गौतमीपुत्राचं सगळं कौतुक आपल्याला त्याच्या आईकडून कळतं. तो गेल्यावर, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षी, बलश्रीनं ते लेणं भिक्षूंना दिलं आणि मुलाची प्रशस्ती कोरून घेतली. "तिसमुदतोयपीतवाहन", ज्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्यायली. "खखरातवसनिरवसेसकर", क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. "सातवाहनकुलयसपतिथापनकर", घराण्याचं यश पुन्हा स्थापणारा. या शेवटच्या शब्दावर थांबा. *पुन्हा* स्थापणारा. म्हणजे मध्ये ते गेलेलं होतं. नाणेघाटापासून गौतमीपुत्रापर्यंत हे घराणं एकदा जवळजवळ बुडून वर आलेलं आहे. नहपानाच्या काळात कार्ले, नाशिक, जुन्नर हा सगळा घाटमाथा क्षत्रपांकडे होता. जुन्नरला त्याच्या अमात्याचा, अयमाचा, वर्ष ४६ चा लेख आहे.

आणि गौतमीपुत्रानं वंश "निरवशेष" केला म्हणता म्हणता दुसरं क्षत्रप घराणं आलंच, चष्टनाचं. त्याचा नातू रुद्रदामन. तो जुनागढला लिहितो की दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोनदा सरळ लढाईत हरवलं, पण नातं जवळचं म्हणून समूळ उखडला नाही.

टवाळ

थांबा थांबा. कोण कोणाचा कोण?

बाराखडी

कान्हेरीला एका पाण्याच्या टाक्यावर लेख आहे. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी येते आणि ती महाक्षत्रप "रु..." ची मुलगी आहे. पुढची अक्षरं गेलीत, पण तो रुद्रदामन असं बहुतेक अभ्यासक मानतात.

टवाळ

म्हणजे सासऱ्यानं जावयाला दोनदा बडवला आणि लेकीच्या कुंकवाकडे बघून सोडला, आणि वर डोंगरावर कोरूनही ठेवलं. गावजेवणात सांगण्यापेक्षा वाईट.

बाराखडी

त्यातला अजून एक विनोद राहिलाच. सातवाहनांची आजी बलश्री आपल्या मुलाला "एकबम्हण", अद्वितीय ब्राह्मण, म्हणते, तेही प्राकृतात. आणि ज्यांना ती परके म्हणते त्या शकांचा राजा जुनागढला खणखणीत, समासबहुल संस्कृत गद्य लिहवतो. संस्कृतातला पहिला मोठा राजलेख तोच.

आत्याबाई

या लोकांनी राज्यकारभार प्राकृतात केला म्हणून तर आपली भाषा आली! मोदकाची गोष्ट ठाऊक असेलच. जलक्रीडेत राणी म्हणाली "मोदकैस्ताडय". म्हणजे मा उदकैः, पाण्यानं मारू नका. राजेसाहेबांनी लाडू मागवले. मग लाज वाटून व्याकरण शिकायला बसले. कथासरित्सागरात आहे, खरी मानायचं कारण नाही, पण गोष्ट रचणाऱ्यालाही माहीत होतं की या घराण्याची जीभ प्राकृताची.

हाल राजाच्या सत्तसईत (प्राकृत गाथांच्या संग्रहात) शोधा: तुप्प, पोट्ट, रांधायचं "रंधण". आणि सासूला "अत्ता". माझं टोपणनाव तिथूनच घेतलंय हे आज जाहीर करते. राजे-रजवाडे कमी, शेत राखणाऱ्या पोरी, नांगऱ्ये, वाटसरू आणि गोदावरीचा काठ जास्त. नावाला संग्रह राजाचा, आवाज गावाचा.

ता. क. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र वाचून "मातृसत्ता होती" असं कोणी लिहायच्या आत सांगते: गादी बापाकडून मुलाकडेच जायची. राजाला राण्या अनेक, म्हणून कोणत्या राणीचा मुलगा हे सांगायची सोय असावी. पण निदान आईचं नाव लावायला लाजत नव्हते.

परदेशस्थ

थोडं अवांतर. मागे नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. पाँपेईत सापडलेली एक हस्तिदंती बाहुली आहे, भारतीय स्त्री, दागिन्यांनी मढलेली. इटालियन गाईड लक्ष्मी-लक्ष्मी करत होता. मी उस्मानाबादकडचा, लहानपणी तेरच्या लामतुरे संग्रहालयात तशीच हस्तिदंती बाई पाहिलेली. परदेशात गावचं कोणी भेटल्यासारखं झालं. भोकरदनलाही तसलीच मिळालीय. पाँपेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे बाराखडींच्या हिशोबानं शके एक!

प्रश्न असा: हा एवढा रोमशी व्यापार थंडावला म्हणून सातवाहन बुडाले, असं शाळेत शिकल्याचं आठवतं. बरोबर?

व्याजदर

माझं मत हो. त्या ग्रीक खलाशाच्या वर्णनात, पेरिप्लसमध्ये, पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे तेर, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर. पैठणहून अकीक, तेरहून कापड, सगळं गाड्यांवर लादून खाली भडोचला. तिसऱ्या शतकात रोम स्वतःच अडचणीत आलं. गिऱ्हाईक बुडालं की दुकान बसतं.

बाराखडी

व्याजदर, इथे मी असहमत. ते भडोच कोणाचं होतं? क्षत्रपांचं! त्याच वर्णनात आहे की कल्याण हे पूर्वी रीतसर बंदर होतं, पण नंतर अडवलं गेलं. चुकून ग्रीक जहाज आलं तर पहारा देऊन भडोचला नेत. म्हणजे माल आपला, घाट आपले आणि जकात शेजाऱ्याची. गिऱ्हाईक बुडायच्या कितीतरी आधी गल्ला हातातून गेला होता. सातवाहन-क्षत्रप भांडण हे धर्माचं की परकेपणाचं कमी, आणि घाटाखालच्या बंदरांचं जास्त.

शिवाय यज्ञश्री सातकर्णीकडे बघा. शेवटचा मोठा राजा. नाशिक आणि कान्हेरीला त्याचे लेख आहेत, आणि थेट पूर्व किनाऱ्यावर आंध्रात चिन्नगंजामलाही आहे. दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची नाणी पूर्व किनाऱ्याकडे मिळतात, ती त्याच्या नावावर सांगतात. व्यापार संपला नव्हता. घराण्याचं तोंड पूर्वेला वळलं होतं.

व्याजदर

गल्ल्याचा मुद्दा मान्य. अर्धा. पण जहाजाचं नाणं काढणारा माणूस कर्जातही असू शकतो, हे अनुभवानं सांगतो.

सह्याद्रीपुत्र

तोंड पूर्वेला वळलं म्हणजे पुन्हा आंध्र. बघतोय मी.

तेलंगी मराठी

सह्याद्रीपुत्र, पैठणचं नाव घेऊन शपथेवर सांगतो, यात माझा हात नाही.

पण बाराखडींचं खरं आहे. यज्ञश्रीनंतरचे राजे बघा. विजयाचा लेख नागार्जुनकोंड्याला, त्याच्या सहाव्या वर्षाचा. तिकडे विदर्भात, वाशीम जिल्ह्यात, तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये पोटीन (मिश्रधातूच्या) नाण्यांचा मोठा साठा निघाला. इतिहाससंशोधक मिराशींनी तो अभ्यासला. त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं, जी पुराणांच्या यादीत नाहीतच. आणि एक तर "शक सातकर्णी"! शकांचा कर्दनकाळ म्हणवणाऱ्या घरात मुलाचं नाव शक. टवाळ, आजोळचं असेल.

म्हणजे एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी सातवाहन नावाचे लोक राज्य करत असावेत, असं दिसतं. घर पडलं नाही, वाटण्या झाल्या.

कोरडवाहू

वाटण्या झाल्या की बांधावर भांडणं. आणि मग बांध ज्यानं राखायला घेतला त्याचं शेत.

बाराखडी

कोरडवाहू, तुम्ही एका ओळीत माझा परिच्छेद खाल्लात. बांध राखणारे म्हणजे महारठी, महाभोज, महासेनापती. जसजसं खाली येऊ तसतसे लेखांत हे लोक मोठे होताना दिसतात. सातवाहनांनंतर काय आलं? नाशकात आभीर. कृष्णेकाठी इक्ष्वाकू. वनवासीकडे चुटू. पुढे विदर्भात वाकाटक. कोणी एकानं सगळं जिंकलं नाही. म्हणून घाटवाट, तुमच्या कन्येच्या प्रश्नाला एक नाव देता येत नाही.

व्याजदर

आभीरांचं नाव निघालं म्हणून. पांडवलेण्यातच आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाची उपासिका, स्वतःला शकनिका (शक स्त्री) म्हणवणारी, आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव ठेवते. कुठे? गोवर्धनच्या श्रेणींकडे. कुंभार आणि पाणयंत्रवाले यांच्याकडे हजारांनी, तेल्यांकडे ५००.

आता हे नीट बघा. नहपान आला नि गेला. सातवाहन आले नि गेले. आभीर आले. ठेव ठेवायला माणसं त्याच गोवर्धनला, श्रेणींकडेच जाताहेत. राजा बदलला म्हणून बँक बुडेल अशी भीती त्या बाईला वाटत नव्हती. तिच्या दृष्टीनं काय बुडालं होतं? मला वाटतं म्हणूनच आपल्याला तारीख सापडत नाही. ज्या दिवशी सातवाहन संपले त्या दिवशी नाशकात घाणा चालू होता.

टवाळ

मी विनोद लिहायला आलो होतो. राहू दे.

कोरी पाटी

मग शेवटचा राजा कोण, निदान तेवढं तरी?

तेलंगी मराठी

पुळुमावी. त्या नावाचे आधीही राजे झाले, हा शेवटचा. याचा लेख आमच्याकडे अदोनीजवळ म्याकदोनीला आहे, एका खडकावर. वर्ष आठवं. मजकूर सांगतो.

जनपद महासेनापती खंदनागाचं. गाव गुल्मिक कुमारदत्ताचं. त्या गावात राहणाऱ्या एका गृहपतीनं तळं खोदलं. संपलं.

राजाचं नाव आहे, पण फक्त तारखेपुरतं. जनपद सेनापतीचं, गाव अंमलदाराचं, तळं गावकऱ्याचं. आणि त्या जनपदाचं नाव काय असावं? सातवाहनिहार.

जुन्नरी

नाणेघाटात १०,००१ गाई, आणि शेवटी एका माणसाचं तळं.

घाटवाट

धागाकर्ता हजर. तीन दिवस कामात होतो, आज एका बैठकीत सगळं वाचलं. सर्वांचे आभार, सह्याद्रीपुत्रांचेही.

कन्येला जेवताना सांगितलं. हरवलं कोणी नाही, आधी बंदरं गेली, मग घाट, मग वाटण्या झाल्या, मग सेनापतीच मालक झाले. तिनं ऐकून घेतलं. कखडी गावाचं सांगितल्यावर म्हणाली, "शेत कसत नव्हते तर मग भिक्षूंना आधी दिलंच कशाला?" याचं उत्तर गौतमीपुत्राकडेही नसावं, म्हणून तर दुसरा हुकूम. आणि म्याकदोनीचं सांगितल्यावर पहिला प्रश्न: "ते तळं अजून आहे का?"

तेलंगी मराठी, आहे का हो?

तेलंगी मराठी

अदोनीला साडू असतो. दिवाळीत जाणं आहे. बघून, फोटो काढून टाकतो इथेच.

सह्याद्रीपुत्र

जाताना सांगा. मीही येतो.

टवाळ

मिसळीचे पैसे घेऊन या.